नागपूर शहरातील समाजबहुल वस्त्या

शहराच्या ज्या भागात एखाद्या जातीचे, धर्माचे, भाषेचे किंवा एकाच प्रदेशातून आलेले लोक शहरातील त्यांच्या एकूण प्रमाणाच्या मानाने फार मोठ्या संख्येने राहतात, त्या भागास समाजबहुल वस्ती असे म्हणता येईल. अशा वस्त्या जगातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात. अमेरिकेतील लॉस अँजेल्सच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशीयांच्या वस्त्या, शिकागोतील पिल्सन हा प्रथम चेक व नंतर मेक्सिकन स्थलांतरितांनी गजबजलेला भाग, मुंबईचे गिरणगाव ही त्यांची काही उदाहरणे होत. नागपूर शहरात इंदोरा (बौद्ध), गोळीबार चौक व तांडापेठ (हलबा-कोष्टी विणकर), मोमिनपुरा (मुस्लिम विणकर) आणि जरीपटका (सिंधी) या वस्त्या या प्रकारात मोडतात. शहराच्या दक्षिण-नैर्ऋत्य भागातील मनीषनगरसारखी नवी उपनगरे मात्र निरनिराळ्या समाजांतील नोकरदार व व्यावसायिक कुटुंबांनी वसलेली असून, जुन्या वस्त्यांतील कमावत्या कुटुंबांचे स्थलांतर समजून घेण्यासाठी त्यांचाही विचार करावा लागतो. एखाद्या वस्तीतील लोकसंख्येची व उत्पन्नाची वाटचाल आणि त्या वस्तीत राहिलेल्या माणसांची वाटचाल या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत झाल्यास धोरणे चुकतात, हा या विषयाच्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष आहे.

शहराची वाढ : अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसविलेले नागपूर त्याच शतकाच्या मध्यास भोसल्यांची राजधानी बनले. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचे ते मुख्य ठिकाण ठरले. १८६७ मध्ये लोहमार्ग आला व १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये सु. १.२८ लाख होती. ती १९५१ मध्ये सु. ४.५ लाख, १९८१ मध्ये सु. १२.२ लाख, २००१ मध्ये सु. २०.५ लाख आणि २०११ मध्ये २४,०५,६६५ झाली. १९८० पूर्वीच्या दशकांत वाढीचा दर ४० टक्क्यांच्या आसपास होता. २००१–११ या दशकात तो सु. १७ टक्क्यांवर आला. यावरून शहराची वाढ थांबली असे म्हणता येत नाही, कारण याच काळात महापालिकेच्या हद्दीलगतच्या बेसा, बेलतरोडी इ. गावांत घरबांधणीने वेग घेतला आणि शहराच्या वाढीचा मोठा वाटा हद्दीबाहेर पडला. २०११ च्या जनगणनेनुसार शहरात बौद्धांचे प्रमाण १५ ते १६ टक्के, मुस्लिमांचे सु. १२ टक्के, अनुसूचित जातींचे सु. २० टक्के व अनुसूचित जमातींचे सु. ८ टक्के होते. एकतृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते.

वस्त्यांची घडण : नागपूरच्या समाजबहुल वस्त्या एकाच कारणाने निर्माण झालेल्या नाहीत. सक्ती, व्यवसाय, आपत्ती आणि परस्पराश्रय अशी चार कारणे त्यांमागे कमीअधिक प्रमाणात दिसतात.

कामठी मार्गावरील इंदोरा ही वस्ती प्रथम अस्पृश्यतेच्या रूढीमुळे वेगळी पडली. विदर्भातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पूर्वापार चालत असे. गिरणीच्या सुतापुढे व कापडापुढे तो टिकला नाही आणि अनेक कुटुंबे गिरण्या, रेल्वे व विडी कारखाने यांतील मजुरीकडे वळली. कामठीचे बाबू हरदास ल. न. (१९०४–३९) यांनी विडी कामगारांची संघटना बांधली ती याच काळात. किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६), जाईबाई चौधरी इत्यादींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात नागपुरात अस्पृश्य मुलींच्या शिक्षणाचा पाया घातला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. गावकुसाबाहेरच्या परावलंबी जिण्यातून सुटण्यासाठी स्वतंत्र वसाहती मिळाव्यात, अशी मागणीही त्याच परिषदेने केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यानंतर इंदोऱ्यात विहारे, वाचनालये व वसतिगृहे यांचे जाळे वाढले. सक्तीने वेगळी पडलेली वस्ती अशा रीतीने संघटनेचे आणि शिक्षणाचे केंद्र बनली.

जुन्या शहराच्या उत्तर व ईशान्य अंगास असलेल्या गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव या भागांत कोष्ट्यांची वस्ती व्यवसायामुळे एकवटली. रेशमी काठांची लुगडी व धोतरे यांसाठी नागपूर, उमरेड व पवनी ही गावे प्रसिद्ध होती. हातमागाच्या धंद्यास ताणा करण्यासाठी मोकळी जागा, रंगारी, सुताचे व्यापारी आणि घरातील सर्वांचे श्रम जवळजवळ लागतात. त्यामुळे घर व कामाची जागा एकच राहून विणकरांचे मोहल्ले दाट होत गेले. मोमिनपुऱ्याची घडणही बरीचशी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या उठावानंतर, उत्तर भारतातील मोमिन विणकरांनी दक्षिणेकडे स्थलांतर केले. बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी व कामठीप्रमाणे नागपुरातही त्यांतील काही कुटुंबे स्थायिक झाली. मशिदी, मदरसे आणि उर्दू शाळा यांमुळे ही वस्ती पुढे विणकाम मागे पडल्यावरही टिकून राहिली.

जरीपटका ही वस्ती १९४७ च्या फाळणीने घडविली. सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना शहराच्या उत्तरेस जागा मिळाली. शेतजमीन वा वडिलोपार्जित घर नसल्याने कापड, किराणा, खाद्यपदार्थ इत्यादींच्या व्यापारात ते शिरले आणि नातेवाइकांमधील उधारी व भागीदारी यांवर एका पिढीत त्यांनी बस्तान बसविले. खामला भागातही त्यांची वसाहत आहे.

मोजणीची साधने : समाजबहुल वस्तीच्या लोकसंख्येचा आढावा घेण्यासाठी जनगणना हे प्रमुख साधन होय. तिच्या प्राथमिक गणनसारात प्रत्येक प्रभागाची घरसंख्या, स्त्री-पुरुषांची संख्या, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, काम करणारे व न करणारे लोक आणि अनुसूचित जाती-जमातींची संख्या मिळते. भारतीय जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न विचारला जात नाही. अमेरिकेच्या जनगणनेत तो १९४० पासून दीर्घकाळ विचारला गेल्यामुळे तेथे वस्तीनिहाय उत्पन्नाची दीर्घ मालिका उपलब्ध आहे. भारतात उत्पन्नाचा अंदाज अप्रत्यक्षपणे, म्हणजे घराचे छप्पर व भिंती, खोल्यांची संख्या, नळ, शौचालय, वाहन, दूरचित्रवाणी संच, बँकखाते इत्यादींवरून करावा लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्चाची माहिती मिळते. मात्र तिचे नमुने एका वस्तीपुरता निष्कर्ष काढण्याइतके मोठे नसतात.

एखादा समाज शहरात किती विखुरलेला आहे हे पाहण्यासाठी विषमविभागणीचा निर्देशांक वापरतात. ओटिस व बेव्हर्ली डंकन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये त्याची चिकित्सा केली. प्रत्येक प्रभागात त्या समाजाच्या एकूण संख्येपैकी किती टक्के लोक राहतात व उर्वरित लोकसंख्येपैकी किती टक्के राहतात, यांतील फरक काढून, सर्व फरकांची धन-ऋण चिन्हे सोडून बेरीज करावयाची व तिची निमपट करावयाची, अशी ही रीत आहे. उत्तर शून्य आल्यास तो समाज सर्वत्र समप्रमाणात विखुरलेला आहे आणि १०० आल्यास तो पूर्णपणे वेगळा राहतो, असा अर्थ होतो. प्रभागांच्या सीमा वेळोवेळी बदलत असल्याने दोन जनगणनांतील निर्देशांकांची तुलना सीमा जुळवून घेतल्याशिवाय करता येत नाही.

गणनवर्गांतील बदल : लोकसंख्येच्या आकड्यांत दिसणारी प्रत्येक वाढ ही जन्म वा स्थलांतर यांमुळेच झालेली असते असे नाही. कोणाला कोणत्या वर्गात मोजावयाचे, हे नियम बदलले की आकडेही बदलतात. महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. धर्मांतरानंतर १९६१ मध्ये ती सु. २७.९ लाख झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा तेव्हा हिंदूंपुरता, व १९५६ पासून हिंदू आणि शिखांपुरता, मर्यादित होता. त्यामुळे धर्मांतरितांची गणना अनुसूचित जातींत झाली नाही व राज्यातील त्या जातींचे प्रमाण १९६१ मध्ये ५.६ टक्के इतके कमी नोंदले गेले. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. त्यानंतरच्या १९९१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मधील ७.१ टक्क्यांवरून एकदम ११.१ टक्के झाले. इंदोऱ्यासारख्या वस्तीच्या आकडेवारीत म्हणूनच १९६१ मधील घट व १९९१ मधील उसळी या दोन्ही बव्हंशी कागदावरच्या होत. घरे तीच होती आणि माणसेही तीच.

विणकर वस्त्यांच्या बाबतीतही असाच प्रकार आढळतो. अनुसूचित जमातींच्या यादीस पूर्वी ठराविक तालुक्यांची मर्यादा होती. १९७६ च्या कायद्याने ती उठविण्यात आली. १९७१ मध्ये राज्यातील अनुसूचित जमातींची संख्या सु. २९.५ लाख होती, ती १९८१ मध्ये सु. ५७.७ लाख झाली. ‘हलबा’ या यादीतील नावाशी असलेल्या संबंधाच्या आधारे हलबा-कोष्टी कुटुंबांनी जमातीचे दाखले मिळविले आणि त्यांवर अनेकांना शिक्षण व शासकीय नोकऱ्या मिळाल्या. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी हे हलबा जमातीचा भाग नाहीत असा निर्णय दिला व तोवर कायम झालेल्या नियुक्त्यांना संरक्षण दिले. जुलै २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात अवैध दाखल्यावरील लाभ राखता येणार नाहीत असे ठरविले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१९ च्या निर्णयान्वये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले. गोळीबार चौकातील कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नव्हता. हातमाग बंद पडल्यानंतर मिळालेले एकमेव स्थिर उत्पन्न त्यावर अवलंबून होते. दुसरीकडे, यादीतील जागा मर्यादित असल्यामुळे गडचिरोली, मेळघाट इ. भागांतील दुर्गम गावांच्या आदिवासींचा हक्कही त्यात गुंतलेला होता.

गणनवर्गाचा हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश मानला गेला व १९४० मध्ये तो वर्ग वगळण्यात आला. १९७० मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्यांविषयीचा प्रश्न काही घरांपुरता व १९८० पासून सर्वांना विचारण्यात येऊ लागला. त्यामुळे तेथील हिस्पॅनिक वस्त्यांच्या वाढीचा इतिहास १९८० पूर्वी मागे नेताना अभ्यासकांना आडनावे, मातृभाषा व जन्मस्थान यांचा आधार घ्यावा लागतो.

उत्पन्नातील बदल : नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील उत्पन्नाचे तीन टप्पे पाडता येतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सु. १९५० पर्यंत, हातमाग व गिरणी हे दोन मुख्य आधार होते. मागावर काम करणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न सुताचा भाव व सणांचा हंगाम यांवर हेलकावे खाई. गिरणी कामगाराला मात्र महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. हा नियमित पगार कमी असला तरी त्यावर उधारी मिळे, मुलांना शाळेत ठेवता येई आणि गावाकडे थोडी मदत धाडता येई.

दुसरा टप्पा १९५० ते १९८५ च्या सुमाराचा. यंत्रमागांच्या स्पर्धेने हातमाग मागे पडले. १९७१ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले. सूतपुरवठा आणि खरेदी यांद्वारे त्याने काही काळ विणकरांना आधार दिला. याच काळात महाविद्यालयीन शिक्षण, शिष्यवृत्त्या व राखीव जागा यांमुळे उत्तर नागपुरातून रेल्वे, टपाल, महालेखापाल कार्यालय, बँका, शाळा व अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना यांत नोकरदारांची पहिली पिढी गेली. नागपूर हे १९५६ पर्यंत राजधानीचे व पुढे उपराजधानीचे ठिकाण असल्यामुळे येथे कारखान्यांपेक्षा कचेऱ्यांतील नोकऱ्या तुलनेने अधिक होत्या. ही बाब शिकलेल्या तरुणांना अनुकूल ठरली.

तिसऱ्या टप्प्यात गिरण्यांचा ऱ्हास झाला. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचे उत्पादन थांबले. तिच्या जागेवर पुढे निवासी इमारती व व्यापारी संकुल उभे राहिले. शासकीय नोकरभरतीही मंदावली. परिणामी प्रत्येक जुन्या वस्तीत उत्पन्नाचे दोन थर स्पष्टपणे वेगळे झाले. एका थरात निवृत्तिवेतन वा पगार असलेली कुटुंबे आहेत. दुसऱ्यात बांधकाम, रिक्षा, हातगाडी, घरकाम, छोटी दुकाने व कंत्राटी कामे यांवर जगणारी कुटुंबे आहेत. जरीपटक्यात नोकरीचा आधार प्रथमपासूनच कमी असल्यामुळे तेथील फरक मुख्यतः व्यापाराच्या लहानमोठेपणाचा आहे.

बहिःस्थलांतर आणि मनीषनगर : उत्पन्न वाढलेल्या कुटुंबाने जुनी वस्ती सोडून शहराच्या कडेला घर घेणे, ही जगभर आढळणारी प्रक्रिया आहे. रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस यांनी शिकागोच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये तिचे वर्णन केले. स्थलांतरित प्रथम शहराच्या मध्यालगत उतरतात व मिळकत वाढेल तसे बाहेरच्या वर्तुळांत सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नागपुरात ही चाल मुख्यतः दक्षिणेकडे व नैर्ऋत्येकडे झाली. वर्धा मार्ग, विमानतळ, २००२ नंतर आकार घेतलेला मिहान प्रकल्प आणि नागपूर सुधार प्रन्यासाच्या कक्षेतील अभिन्यास यांमुळे सोमलवाडा, मनीषनगर व पुढे बेसा-बेलतरोडीपर्यंत शेतजमिनींचे भूखंड पडले. या भागातील अनेक अभिन्यास आरंभी अनधिकृत होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांच्या नियमितीकरणाचा मार्ग खुला केला. वर्धा मार्ग आणि मनीषनगर यांच्यामधून जाणाऱ्या लोहमार्गाच्या फाटकावर होणारा खोळंबा हा येथील रहिवाशांचा अनेक वर्षांचा प्रश्न होता. मार्च २०१९ मध्ये वर्धा मार्गावर मेट्रो सुरू झाली व १३ नोव्हेंबर २०२० रोजी तेथील दुमजली उड्डाणपूल व मनीषनगरचा लोहमार्गावरील पूल वाहतुकीस खुले झाले. दळणवळण सुधारले तशी सदनिकांची मागणी वाढली.

मनीषनगरात प्रवेशाचा मुख्य निकष जात नसून गृहकर्ज फेडण्याची ऐपत हा आहे. त्यामुळे बँक कर्मचारी, शिक्षक, अभियंते, निवृत्त अधिकारी, तसेच विदर्भातील इतर जिल्ह्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे येथे शेजारी राहतात. जुन्या समाजबहुल वस्त्यांतील नोकरदारांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील काही घरेही त्यांत आहेत. असे असले तरी ऐपतीने सर्व अंतरे मिटतात असे नाही. भाड्याने घर देताना आडनाव, धर्म व आहार यांची चौकशी होण्याची प्रथा भारतातील मिश्र उपनगरांतही टिकून आहे. समान उत्पन्नाची सर्व कुटुंबे जुन्या वस्तीतून सारख्याच वेगाने बाहेर पडत नाहीत, याचे एक कारण हे होय. दुसरे कारण म्हणजे जुन्या वस्तीत मिळणारा आधार. विहार वा मशीद, सणउत्सव, ओळखीचा दुकानदार, आजारपणात धावून येणारा शेजार यांची किंमत भूखंडाच्या भावात धरली जात नाही. म्हणून उपनगरात घर घेतलेली कुटुंबेही धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, चेटीचंड किंवा घरातील मंगलकार्य यांसाठी जुन्या मोहल्ल्यात परततात.

सरासरीचा फसवेपणा : बहिःस्थलांतराचा वस्तीच्या सरासरी उत्पन्नावर होणारा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येतो. एका वस्तीत १०० कुटुंबे आहेत असे मानू. त्यांपैकी ८० कुटुंबांचे उत्पन्न प्रत्येकी १०० एकक व २० नोकरदार कुटुंबांचे प्रत्येकी ३०० एकक असल्यास वस्तीची सरासरी १४० एकक येते. काही वर्षांनी प्रत्येक कुटुंबाचे वास्तव उत्पन्न १० टक्क्यांनी वाढले, म्हणजे ते अनुक्रमे ११० व ३३० झाले, तर सरासरी १५४ व्हावयास हवी. परंतु दरम्यान नोकरदारांपैकी १५ कुटुंबे उपनगरात गेली आणि त्यांच्या जागी खेड्यातून ७० एकक मिळविणारी १५ कुटुंबे आली, तर वस्तीची सरासरी ११५ भरते. मूळच्या शंभरही कुटुंबांची स्थिती सुधारली आणि नव्याने आलेल्यांचीही बहुधा खेड्यातल्यापेक्षा बरीच आहे, तरी आकडे मात्र वस्ती खालावली असे सांगतात. याच्या उलट प्रकारही घडतो. बंद गिरणीच्या जागेवर महागडी घरे उभी राहिली, की त्या प्रभागाची सरासरी वाढते. जुन्या चाळीतील कामगाराच्या हाती त्यातून काहीच येत नाही. म्हणून वस्तीच्या अभ्यासात सरासरीबरोबर मध्यगा, उत्पन्नाचे वितरण आणि शक्यतो त्याच कुटुंबांचा दीर्घकाळ मागोवा, अशी तिहेरी माहिती आवश्यक ठरते. कुटुंबाचा आकारही लक्षात घ्यावा लागतो. एकत्र कुटुंब विभक्त झाले, की घरटी उत्पन्न कमी झालेले दिसते. दरडोई उत्पन्न मात्र तेच राहते.

लोकसंख्येची रचना : उत्पन्नाबरोबर वयोरचनाही बदलते. तरुण कमावती जोडपी बाहेर पडली, की जुन्या वस्तीत वृद्धांचे प्रमाण वाढते. त्याच वेळी स्वस्त भाड्याच्या खोल्यांत बाहेरगावचे विद्यार्थी व मजूर येतात, त्यामुळे तरुण पुरुषांचीही भर पडते. शाळांतील पटसंख्या हा या बदलाचा लवकर दिसणारा निदर्शक होय. ऐपतदार पालकांची मुले खाजगी शाळांत गेली, की महापालिकेच्या शाळांत सर्वांत गरीब मुलेच उरतात आणि ज्या पालकांचा आवाज पोचतो त्यांचा शाळेशी संबंध राहत नाही. वस्तीतील वाचनालय, व्यायामशाळा व सहकारी संस्था यांच्याबाबतही असेच घडते. गमावले जाते ते केवळ उत्पन्न नव्हे, तर अर्ज लिहून देणारा, शिष्यवृत्तीची माहिती सांगणारा आणि नोकरीची वाट दाखविणारा अनुभवी शेजारीही जातो.

महत्त्व : समाजबहुल वस्ती ही एकाच वेळी अडसर व आधार असते. लोकांना ती सोडता येत नसेल, तर ती कोंडी ठरते. सोडण्याची मोकळीक असूनही ते राहत असतील, तर तिला सामाजिक संपत्ती मानावे लागते. कोणत्याही वस्तीविषयी निर्णय घेताना हा फरक तपासणे आवश्यक आहे. केवळ सरासरी उत्पन्नावरून एखाद्या भागास ‘मागास’ ठरवून तेथील घरे हटविणे, किंवा काही कुटुंबे उपनगरांत पोचली म्हणून उरलेल्यांची मदत कमी करणे, ही दोन्ही टोके आकड्यांच्या चुकीच्या वाचनातून उद्भवतात. पाणी, मलनिस्सारण, शाळा व दवाखाना यांची सोय वस्तीला हवी असते. शिष्यवृत्ती, कर्ज व रोजगार यांची गरज माणसाला असते व तो जेथे जाईल तेथे ती त्याच्याबरोबर जावी लागते.

या दृष्टीने ताज्या आकडेवारीची उणीव मोठी आहे. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे मेट्रो, मिहान व दक्षिणेकडील विस्तार यांनी घडविलेले बदल २०११ च्या आकड्यांत उतरलेले नाहीत. जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला व तीत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय झाला. १९३१ नंतर प्रथमच अशी नोंद उपलब्ध झाल्यास इंदोरा, तांडापेठ, मोमिनपुरा यांसारख्या वस्त्या आणि मनीषनगर यांची तुलना अधिक काटेकोरपणे करता येईल. मात्र उत्पन्नाचा प्रश्न जनगणनेच्या कक्षेबाहेर राहील तोवर, घरावरून व वाहनावरून माणसाच्या मिळकतीचा अंदाज बांधण्याची मर्यादा कायम राहणार आहे.